गाडीतल्या रेडिओची खरखर आणि एका ठिणगीची गोष्ट

[रेकॉर्डिंग: मीडियम वेव्हवर बातम्या. निवेदिकेच्या आवाजावर 'टर्र टर्र टर्र'. कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबतं, 'टर्रर्रर्र' वाढते, मागे एक बारीक शिट्टी चढत जाते.]

हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी माफी मागतो, पण आजचा अख्खा भाग याच आवाजाबद्दल आहे. बातम्यांतला एक तरी शब्द कळला का? नाही ना? मलाही नाही कळला. आणि ज्यांची ही गाडी आहे त्यांना गेली वीस-पंचवीस वर्षं कळलेला नाही.

गाडी माझ्या आजोबांची. १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, साताऱ्याच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डॅशबोर्डच्या मधोमध दोन गोल बटणांचा रेडिओ, तोही फक्त मीडियम वेव्ह. कारण ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा भारतात एफएम नव्हतंच. पहिलं एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रासला झालं. ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून आहे. हो, तेव्हा रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे. ऐंशीच्या दशकात ते प्रकरण बंद झालं.

दिवाळीत मी गाडी काढली आणि रेडिओ लावला. आजोबा शेजारी बसले होते. म्हणाले, "बंद कर रे तो. मला काही कळत नाही त्यातलं. माझे कानच गेलेत आता."

खरं सांगतो, मी तेव्हा मनात ब्लूटूथवाला नवीन स्टिरिओ बसवायचा बेत करत होतो. पण मग लक्षात आलं की मलाही काही कळत नाहीये. माझे कान तर ठीक आहेत! म्हणजे हा माणूस इतकी वर्षं स्वतःच्या कानांना दोष देत बसला होता आणि दोष होता दुसरीकडेच. कुठे, ते शोधायला मी बॉनेट उघडलं आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पडलो.

तर सुरुवात ठिणगीपासून.

१८८७-८८ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूऽला हाइनरिश हर्ट्झ यांनी दोन धातूच्या गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली. थोड्या अंतरावर तारेचं एक कडं होतं, त्याला अगदी बारीक फट ठेवलेली. मध्ये कसलीही तार नाही, तरी त्या फटीत इवलीशी ठिणगी उमटली. रेडिओ लहरी अशा सापडल्या. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर असाच बिनतारी प्रयोग केला, त्याच्याही मुळाशी ठिणगीच. मार्कोनीचा १९०१ चा अटलांटिकपारचा संदेश, टायटॅनिक बुडताना गेलेली मदतीची हाक, सगळं ठिणगीवर चाललेलं. जर्मन भाषेत रेडिओला आजही 'रुंडफुंक' म्हणतात, आणि त्यातल्या 'फुंक'चं मूळ म्हणजे 'फुंके', ठिणगी. 'टेलिफुंकन' कंपनीच्या नावातही तीच बसली आहे.

थोडक्यात, ठिणगी म्हणजे रेडिओ स्टेशन. फक्त शिस्त नसलेलं. आजचं स्टेशन एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतं. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. ठिणगी मात्र सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच वेळी ओरडते. चाळीत कुणी जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना एकदम हाक मारावी, तसं. म्हणूनच पुढे दर्यावरची जहाजं आणि किनाऱ्यावरची केंद्रं एकमेकांच्या आवाजात बुडायला लागली आणि ठिणगीवाले ट्रान्समीटर हळूहळू नियमानं बंद केले गेले.

आणि नेमक्या त्याच काळात आपण लाखो नवे ठिणगीवाले ट्रान्समीटर रस्त्यावर सोडले. त्यांना आपण मोटारगाडी म्हणतो.

पेट्रोल इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये त्यासाठी चार लाकडी डब्या असायच्या, आत घूंऽऽ करणारी कॉइल. आता गंमत बघा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतली हौशी पोरं याच फोर्डच्या कॉइल स्वस्तात आणायची आणि त्यांच्यापासून घरी बिनतारी ट्रान्समीटर बनवायची. म्हणजे गाडीचा पार्ट काढून टेबलावर ठेवला की तो रेडिओ स्टेशन, आणि परत गाडीत लावला की इंजिनाचा पार्ट. डबी तीच. मला हे वाचल्यावर खरखरीचं निम्मं कोडं सुटल्यासारखं वाटलं.

उरलेलं निम्मं चार्ल्स केटरिंग यांच्याकडे. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्यांनी नवी इग्निशन पद्धत दिली, आणि मूळ कल्पना तीच ठेवून ती पुढची साठेक वर्षं जगभर चालली. आजोबांच्या पद्मिनीतही तीच. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर आणि प्लग. पॉइंट बंद असताना बॅटरीच्या १२ व्होल्टचा करंट कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि दुसऱ्या बाजूला दहा-पंधरा हजार व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रिब्युटर ते योग्य प्लगकडे पाठवतो. प्लगच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. आणि डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत जाणारी ती जाड वायर? तिला कुणी सांगितलेलं नसतं, तरी ती अँटेनाचं काम करते.

हिशोब करूया, इंजिनियर आहे, राहवत नाही. चार सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या. आयडलला ९०० फेरे मिनिटाला धरले तर १८०० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ३०. ती झाली 'टर्र टर्र'. ३००० फेऱ्यांना सेकंदाला १००, ती 'टर्रर्रर्र'. सुरुवातीला तुम्ही ऐकलंत ते हेच. रेडिओ अगदी प्रामाणिकपणे समोरचं स्टेशन पकडत होता. ते स्टेशन बॉनेटखाली होतं, दोन फुटांवर, आणि पुणे होतं शंभर किलोमीटरच्या पलीकडे.

आता कल्पना करा, अशा गाडीत रेडिओ बसवायचा! १९२० च्या दशकात काही लोकांनी प्रयत्न केले, पण रेडिओ वाजायचा तो गाडी उभी करून, इंजिन बंद करून. चालत्या गाडीत वाजणारा आणि परवडणारा रेडिओ हे वेगळंच प्रकरण होतं.

इथे येतो पॉल गॅल्व्हिन. शिकागोचा. आधी दोनदा धंदा बुडालेला. १९२८ मध्ये भाऊ जोसेफबरोबर त्यानं पुन्हा छोटी कंपनी काढली, ती घरच्या रेडिओंना बॅटरीऐवजी विजेवर चालवणारा डबा बनवायची. १९२९ ची मंदी आली आणि तेही डळमळलं. नवीन काहीतरी हवं होतं. मग त्याच्या माणसांनी त्याच्याच स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवायला घेतला आणि पहिली भिंत लागली ती हीच, खरखरीची. प्लग, डिस्ट्रिब्युटर, जनरेटर, एकेक गप्प करत जायचं. एक बंद केला की त्याच्यामागे लपलेला दुसरा ऐकू यायचा. बग फिक्स करणाऱ्यांना ही भावना ओळखीची असेल.

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. गॅल्व्हिनकडे स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. तो शिकागोहून गाडी चालवत गेला, अधिवेशनाच्या जागेबाहेर ती उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवत बसला. ऑर्डरी मिळाल्या. रेडिओला नाव दिलं 'मोटोरोला'. किंमत ११० ते १३० डॉलर, आणि तेव्हा अख्खी नवी फोर्ड मॉडेल ए पाचशे डॉलरच्या आसपास यायची. आज दहा लाखांच्या गाडीत अडीच लाखांचा स्टिरिओ, असं म्हणा.

(एक किस्सा सांगतात की गॅल्व्हिननं कर्ज मिळवायला एका बँकरच्या पॅकार्डमध्ये रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीला आग लागली. कर्ज मिळालं नाही. किस्सा थोडा जास्तच चांगला आहे, म्हणून 'सांगतात' असंच म्हणतो.)

तेव्हा रेडिओ बसवणं म्हणजे ऑपरेशनच असायचं. डॅशबोर्ड उघडा, जमिनीत खड्डा करून जादा बॅटऱ्या ठेवा, छताचं कापड उसवून आत जाळीची अँटेना घाला. आणि मग प्रत्येक प्लगवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वायरवर 'सप्रेसर' बसवा. सप्रेसर म्हणजे काय? काही हजार ओहमचा साधा रेझिस्टर. ठिणगी पडते तेव्हा वायरमध्ये साठलेला विजेचा भार एका झटक्यात, सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, रिकामा होतो. तो झटका म्हणजेच खरखर. मध्ये रेझिस्टर आला की झटका बोथट होतो. ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं, फक्त ओरडणं कमी होतं.

इथेच मला आजोबांच्या गाडीतला पहिला गुन्हेगार सापडला. चारही प्लगच्या टोप्या साध्या होत्या, बिनरेझिस्टरच्या. आजोबांना विचारलं, "आजोबा, या टोप्या कधी बदलल्या?" ते म्हणाले, "नव्वदच्या पुढेमागे. मेकॅनिक म्हणाला, जुन्या टोप्या करंट खातात, साध्या लावा, पिकअप वाढेल." मग वाढला का पिकअप? "कुठला! पण त्यानं हौसेनं केलं, मी पण पैसे दिले."

आता हा 'करंट खातात' हिशोब करून बघू. ठिणगी चालू असताना प्लगमधून जाणारा करंट साधारण ३० मिलिअँपिअरच्या घरात असतो. ५००० ओहमच्या रेझिस्टरवर त्यानं पडणारे व्होल्ट १५०. कॉइल देते दहा-पंधरा हजार. मंडळी, हे म्हणजे पगारातून एक चहा. खराब झालेला, आतून तुटलेला रेझिस्टर इंजिनाला नक्की त्रास देतो आणि बहुतेक तिथूनच ही समजूत निघाली असावी. पण चांगला रेझिस्टर पिकअप खात नाही. आपल्याकडे कोडमध्ये कुणीतरी येतं, एक विचित्र लाइन बघतं, 'ही कशाला आहे' म्हणून डिलीट करतं, प्रोग्राम चालतो, सगळे खूश. आणि कुठेतरी दुसऱ्याच कोपऱ्यात काहीतरी मुकं होतं. इथे मुका झाला आजोबांचा रेडिओ.

नव्या टोप्या सहज मिळाल्या. पाच किलोओहमच्या, आजही दुचाकींना सर्रास लागतात. प्लगच्या नंबरातही हल्ली 'आर' अक्षर दिसतं, त्याचा अर्थ रेझिस्टर आतच बसवलेला आहे. टोप्या घातल्या आणि 'टर्र टर्र' जवळजवळ गेली.

पण शिट्टी राहिली. ती कुठून येते हे कळायला एक सोपी चाचणी आहे. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन रेझ करायचं आणि किल्ली बंद करायची. रेडिओचा सप्लाय मात्र बॅटरीवरून थेट हवा. जो आवाज किल्लीबरोबर खटकन तुटतो तो इग्निशनचा. जो इंजिनाच्या फिरण्याबरोबर खाली खाली येत विझतो तो डायनामोचा. डायनामोत तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे ब्रश घासतात, तिथे बारीक बारीक ठिणग्या पडत राहतात. उपाय १९३० च्या दशकातलाच, आऊटपुटच्या टर्मिनलवर एक कंडेन्सर. आजोबांच्या डायनामोवर त्याची पट्टी होती, वायर तुटलेली. घरी कुणी हा उद्योग करणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा कंडेन्सर फील्डच्या टर्मिनलला कधीही लावायचा नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. आणि कॉइलला लावायचा असेल तर बॅटरीकडून येणाऱ्या बाजूला. पॉइंटच्या बाजूला लावलात तर इंजिनच रुसेल.

डायनामोची ही कटकट पुढे अल्टरनेटरनं संपवली. १९६० च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून तो मोठ्या प्रमाणावर आला. मोटोरोलानंही अल्टरनेटर बनवले, आणि त्यामागे होता एल्मर वेव्हरिंग, गॅल्व्हिनच्या पहिल्या कार रेडिओवर काम केलेला तरुण. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला. तीस वर्षं शिट्टी ऐकून कंटाळला असेल बिचारा.

आता इतिहासाचं एक वळण, जे मला सगळ्यात जास्त आवडलं. इथपर्यंत खरखर हा गाडीवाल्याचा खाजगी प्रश्न होता. तुझी गाडी, तुझा रेडिओ, तुझी डोकेदुखी. १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीनं टेलिव्हिजन सुरू केलं, चित्र ४५ मेगाहर्ट्झवर. आणि रस्त्यावरून गाडी गेली की घरातल्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचायला लागले! ज्याच्याकडे ना गाडी ना कार रेडिओ, त्यालाही त्या ठिणगीचा त्रास. म्हणजे सप्रेसर लावायचा कुणी आणि फायदा कुणाला? आपण शेजारधर्मावर सोडलेल्या किती गोष्टी अशा आहेत! ब्रिटननं ते शेजारधर्मावर सोडलं नाही. १९५२ मध्ये नियम केला की नव्या गाड्यांच्या इग्निशननं ठराविक मर्यादेपलीकडे खरखर सोडता कामा नये. त्याआधी १९३४ मध्येच पॅरिसला या विषयावर एक आंतरराष्ट्रीय समिती जमली होती, सीआयएसपीआर. ती आजही आहे. तुमच्या फोनचा चार्जर, लॅपटॉप, एलईडी बल्ब, सगळ्यांना तिच्या मर्यादांत बसावं लागतं. स्वस्तातला बिननावाचा चार्जर लावल्यावर रेडिओ खरखरला तर समजा, तो बसत नाहीये.

एफएमचं काय, असं तुम्ही विचाराल. मीडियम वेव्हवर आवाज जातो तो लहरीच्या उंचीतून, आणि ठिणगी नेमकी उंचीतच ढवळाढवळ करते. एडविन आर्मस्ट्राँगनं वेगळा रस्ता धरला. आवाज फ्रिक्वेन्सीत लपवायचा आणि उंची सरळ छाटून टाकायची, म्हणजे खरखरही छाटली जाते. १९३३ च्या डिसेंबरात त्याला पेटंटं मिळाली. पण मोठ्या कंपन्यांशी कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, त्यात तो पैशानं आणि मनानं खचला आणि १९५४ च्या सुरुवातीला त्यानं आयुष्य संपवलं. खटले पुढे त्याच्या पत्नीनं, मॅरियननं, लढवले आणि जिंकले. शेवटचा निकाल १९६७ चा. पुढच्या वेळी गाडीत एफएमवर गाणं स्वच्छ ऐकू आलं की हा माणूस आठवा.

आणि खरखर संपली असं समजू नका. इलेक्ट्रिक गाडीत प्लग नाही, ठिणगी नाही, पण मोटर चालवणारा इन्व्हर्टर मोठा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्याची घाण नेमकी मीडियम वेव्हवर येऊन पडते. काही कंपन्यांनी उपाय काय केला? इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. २०२३ मध्ये फोर्डनंही नव्या गाड्यांतून तो काढायचं ठरवलं. पण आणीबाणीचे इशारे एएमवर दूरपर्यंत पोहोचतात म्हणून अमेरिकेत ओरड झाली आणि फोर्डनं निर्णय फिरवला. तिथल्या संसदेत प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करण्याचं विधेयकही आलं. गॅल्व्हिनच्या लोकांनी एकेक आवाज शोधून गप्प केला होता. इथे ऐकणाऱ्यालाच बाहेर काढायला निघाले. स्वस्त पडतं ते, मान्य. मला पटत नाही.

असो, साताऱ्याला परत येऊ. टोप्या झाल्या, कंडेन्सर झाला, तरी एक बारीक खरखर होतीच. अँटेनाची वायर रेडिओतून उपटली तर गेली, म्हणजे ती पॉवरच्या वायरीतून येत नव्हती, अँटेनातूनच येत होती. मडगार्डवरची अँटेना सोडवली. खाली गंज, बोटानं निघेल इतका. अँटेनाच्या वायरीवर जाळीचं आवरण असतं ना, ते गाडीच्या पत्र्याला नीट टेकलं तरच बॉनेटखालचा गोंगाट बाहेर राहतो. गंजामुळे अर्थिंगच मिळत नव्हतं. पॉलिश पेपरनं घासलं, ग्रीसचा हात दिला, घट्ट केलं. बॉनेटपासून बॉडीलाही एक जाळीची पट्टी जोडली. खर्च सगळा मिळून हजाराच्या आत. शनिवार-रविवार मात्र गेले, आणि आजीची बोलणी वेगळी.

रविवारी संध्याकाळी आजोबांना शेजारी बसवलं आणि पोवई नाक्याकडे निघालो. ७९२ लावलं. आजोबा काही बोलेनात. मी घाबरलो, म्हटलं खरंच कान गेलेत की काय. मग त्यांनी हात लांब करून आवाज थोडा कमी केला.

तेवढ्यात पावसाचे चार थेंब आले आणि मी वायपर लावला. रेडिओत 'घर्रर्र' सुरू झाली. वायपरची मोटर! ती मी तपासलीच नव्हती.

"वायपर बंद कर," आजोबा म्हणाले. "बातम्या चालू आहेत."

[रेकॉर्डिंग: तोच रस्ता, तेच इंजिन. निवेदिकेचा आवाज स्पष्ट. मध्येच काचेवर थेंब.]